बक्षिसाचा निबंध

बाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि टेबलावर दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. डावीकडे समोर उभ्या बटणनं गेल्या आठवड्यात दिलेला निबंध, तिच्या तिरक्या, दाटीवाटीच्या अक्षरातला. उजवीकडे दुसऱ्या एका कॉलेजचा वार्षिक अंक, मधोमध उघडलेला. पानाच्या कोपऱ्यात एका हसऱ्या मुलाचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत ‘निबंध स्पर्धा : प्रथम पारितोषिक’.

“वाच,” बाई म्हणाल्या. “मनातल्या मनात वाच. आणि मग मी काय समजायचं ते तूच सांग.”

बटणनं पहिली ओळ वाचली. ‘माझी आई झोपेतही काजं करायची.’ पुढचं वाचायची गरज नव्हती, ते तिला पाठ होतं. तरी तिनं वाचलं. सगळं जिथल्या तिथं होतं. आई कामाला जायची तो कपड्यांचा कारखाना, बटणांची काजं पाडायचं मशीन, ब्लाउजला गळ्यापाशी कायम टोचून ठेवलेली सुई, हॉस्पिटलातला पाठीमागून नाड्यांनी बांधायचा झगा. दोन पानांत एकच गोष्ट बदलली होती. ‘आई मला बटण म्हणायची,’ असं तिनं लिहिलं होतं. काजं करणाऱ्या बाईला मुलगी झाली म्हणून कारखान्यातल्या बायकांनी ते नाव ठेवलं होतं आणि तेच घरीदारी चालू राहिलं होतं. छापील पानावर होतं, ‘आई मला राजा म्हणायची.’

फोटोतला मुलगा तिचा मावसभाऊ होता. ती त्याला दादा म्हणायची.

“माझाच आहे, बाई,” ती म्हणाली.

“अंक डिसेंबरात निघालाय. तू फेब्रुवारीत दिलास.” बाईंचा आवाज चढला नाही. “हा मुलगा ओळखीचा आहे का?”

“मावसभाऊ आहे. एकाच घरात राहतो आम्ही.”

“म्हणजे फार लांब जावं लागलं नाही तुला.”

त्या क्षणी बटणच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. त्याची आई जिवंत आहे, बाई. आत्ता घरी लोकांचे कपडे इस्त्री करत उभी असेल. एवढं बोलली असती तरी सगळा निकाल तिथंच लागला असता. पण तेवढ्या वेळात तिला पुढचं सगळं दिसलं. ऑफिसातून त्या कॉलेजला पत्र जाईल, दादाला कुणीतरी केबिनमध्ये बोलावेल, तो खाली मान घालेल, गोड बोलेल, काहीतरी सांगून सुटेल. ऑफिसनं घेतलेला सूड तिला नको होता. ते वाक्य तिनं गिळलं. ते तिला दुसरीकडे वापरायचं होतं.

बाईंनी निबंधावर लाल शून्य काढलं आणि सोमवारपर्यंत माफीपत्र आणून द्यायला सांगितलं.

या निबंधामागे सहा महिने गेले होते. कॉलेजच्या पहिल्याच महिन्यात बाईंनी ‘माझ्या आयुष्यातली एक व्यक्ती’ असा विषय दिला, तेव्हा बटणनं आईवर लिहिलं होतं. शाळेत अशा निबंधाला हमखास मार्क पडत. आई म्हणजे ममतेचा महासागर, आई म्हणजे अंधारातली ज्योत, असं तिनं दीड पान भरलं. वही परत आली तेव्हा समासात बाईंनी लिहिलं होतं, ‘या महासागरात तुझी आई कुठं बुडाली? ही कुणाचीही आई आहे. माझीसुद्धा चालेल.’

बटण दोन दिवस जेवली नाही. आई नसलेल्या मुलीला असं कुणी लिहितं का, असं तिला वाटलं. बाईंना ते माहीतच नव्हतं, आणि निबंध वाचून ते कळायला काही मार्गही नव्हता, हे लक्षात यायला तिला आठवडा लागला. मग तिनं वहीत महासागर खोडला. ज्योत खोडली. खोडत खोडत गेली तसं पान रिकामं झालं आणि तिच्या लक्षात आलं की या दीड पानात आई एकदाही आलेली नाही.

ती चौथीत असताना आई गेली होती. आठवण काढायची म्हटलं की आधी फोटोतला चेहरा यायचा, आणि तो फोटो मावशीच्या घरात रोजच दिसायचा, म्हणजे ती आठवण नव्हेच. तिनं रोज एक ओळ लिहायचं ठरवलं; फक्त स्वतःला माहीत असलेली. झोपेत आईचा अंगठा हलायचा, ही पहिली ओळ यायला अकरा दिवस लागले. नंतरच्या भराभर आल्या. आई रस्त्यानं जाताना अनोळखी माणसाचं तुटायला आलेलं बटण पाहून थांबायची. हॉस्पिटलात तिला नाड्यांच्या झग्याचा राग यायचा, ‘हे काय कापड आहे, याला बंद व्हायची अक्कल नाही’ असं ती म्हणायची. शेवटच्या दिवशी तिनं बटणला जवळ बोलावून शाळेच्या शर्टाची सगळी बटणं काढली आणि पुन्हा लावली, कारण एक चुकीच्या काजात गेलं होतं. एवढ्याला तिला पंधरा मिनिटं लागली.

सात वेळा लिहून झाल्यावर ते दोन पानांत बसलं. बाईंना दाखवायचं ते एकदम पूर्ण करूनच, या हट्टापायी तिनं मधला एकही खर्डा दाखवला नाही. तो हट्ट पुढे नडला. दादानं मात्र वाचला होता. “अक्षर काय तुझं हे,” तो म्हणाला होता. “दे, मी कॉलेजात टाईप करून आणतो.” वही घेताना त्यानं विचारलं होतं, “काज म्हणजे नक्की काय गं?” तिनं त्याच्याच शर्टावर दाखवलं होतं. पंधरा दिवसांनी तो म्हणाला, वही बसमध्ये राहिली. ती रडली, आणि मग पुन्हा आठवून आठवून लिहून काढलं. शब्द न् शब्द आठवत होता, म्हणूनच दोन्ही कागद इतके सारखे निघाले.

मधल्या काळात दादाला ढाल मिळाली होती. पुढच्या वर्षीची अर्धी फी माफ झाली होती. मावशीनं ती ढाल इस्त्रीच्या टेबलासमोरच्या फळीवर ठेवली होती आणि रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसत होती. मावशी दुसरीतून शाळा सोडलेली. गठ्ठ्यांवरच्या खुणा आणि बसचे आकडे एवढंच तिचं वाचन. कपडे द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ती ढाल दाखवायची. वाचून दाखव रे, असं तिनं दादाला कितीदा तरी म्हटलं होतं, आणि तो कायम घाईत असायचा. कशावर लिहिलंस, असं बटणनंही कौतुकानं विचारलं होतं. “पर्यावरण,” तो म्हणाला होता. तेव्हापासून मावशी गिऱ्हाइकांना सांगायची, पर्यावरणावर लिहिलंय माझ्या पोरानं, झाडंबिडं सगळं आहे त्यात.

माफीपत्राचा पहिला खर्डा बटणनं बाईंच्या खोलीतून निघाल्या निघाल्या लायब्ररीत बसून लिहिला. चोर, निर्लज्ज, विश्वासघातकी, साप. पान संपलं, तरी राग होता तेवढाच. तिनं ते परत वाचलं आणि तिला बाईंची समासातली ओळ आठवली. हा कुठलाही चोर होता. यात दादा कुठं होता?

तिनं नवं पान घेतलं आणि दादा लिहायला घेतला. तो एका बोटानं टाईप करतो. खोटं बोलताना तो आधी समोरच्याच्या तब्येतीची चौकशी करतो. काज म्हणजे काय हे त्यानं मला विचारलं आणि मी त्याला दाखवलं. मावशी त्याचा शर्ट सगळ्यात शेवटी करते, म्हणजे तो कॉलेजला जाताना ऊब शिल्लक असावी. एकही शिवी न घालता ती दोन तास लिहीत होती, आणि उठली तेव्हा हात थंडगार आणि डोकं स्वच्छ होतं. जोरात ओरडायचं नसतं, ज्याला दुखवायचं त्याच्याकडे नीट बघायचं असतं, हे तिला त्या दिवशी कळलं. तिला स्वतःचं थोडं भय वाटलं आणि बरंही वाटलं.

हे पान तिनं स्वतःजवळ ठेवलं. बाईंना तीन ओळींचं पत्र दिलं. ‘दोन्ही निबंधांत एकच बाई वारली आहे. तिला दोन मुलं नव्हती. माझ्यामुळे तुम्हाला दोनदा वाचावं लागलं, याबद्दल क्षमस्व.’ बाईंनी ते वाचलं, तिच्याकडे पाहिलं, काही विचारणार होत्या. पण तोवर ती दारापर्यंत पोचली होती.

लायब्ररीतून तिनं अंकातल्या त्या पानांची झेरॉक्स काढून घेतली. पुढचं सगळं तिनं निबंधासारखंच मांडलं. सुरुवात कुठून करायची, कोण समोर हवं, कुठं थांबायचं. रविवारी दुपारी दादा घरी असतो. चारच्या सुमाराला औषधाच्या दुकानवाल्यांची बायको आपला गठ्ठा न्यायला येते. या काकूंच्या कानावर पडलेली गोष्ट अंधार पडायच्या आत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचते. गच्चीवर जाऊन बटणनं चार वेळा मोठ्यानं वाचून पाहिलं. प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांसमोर दादाचं तोंड होतं. मावशी त्या चित्रात होती, पण फक्त ऐकणारी म्हणून.

रविवारी काकू आल्या तेव्हा शेवटचे तीन शर्ट व्हायचे होते, म्हणून त्या बाकावर टेकल्या. दादा उंबऱ्यात बसून बुटांना पॉलिश करत होता. बटण आतून कागद घेऊन आली आणि अगदी सहज म्हणाली, “मावशी, दादाचा निबंध मिळाला. वाचू का?”

दादाचा ब्रश थांबला. “कशाला आत्ता,” तो म्हणाला. “काकूंना उशीर होत असेल.” मग काकूंकडे वळून त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली.

“गुडघा आहे तसाच आहे,” काकू म्हणाल्या. “वाच की गं, ऐकू दे.”

मावशीचा चेहरा असा उजळला की बटणला क्षणभर मान वळवावी लागली. “वाच, वाच. सावकाश वाच हं, मला पटकन कळत नाही.” तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि शर्टावर पाणी शिंपडलं.

“‘माझी आई झोपेतही काजं करायची,’” बटणनं वाचलं. “‘ती जाऊन आता आठ वर्षं झाली.’”

काकू हसल्या. “अगं, ही तर समोर उभी आहे. चुकीचा कागद आणलास.”

“नाही काकू. वर दादाचा फोटो आहे, बघा.”

काकूंनी फोटो बघितला, दादाकडे बघितलं आणि त्यांचं हसू मावळलं. दादा बुटात हात घालून तसाच बसला होता. मान वर करत नव्हता. हेच तर तिला बघायचं होतं. तिनं बघून घेतलं, पोटभर. मावशी इस्त्री फिरवतच होती. फक्त हात हळू झाला होता.

“पुढं वाच,” मावशी म्हणाली.

बटण वाचत गेली. जिथं थांबायचं ठरवलं होतं तिथं थांबली. ‘आई मला राजा म्हणायची’ हे वाक्य तिनं दादाच्या दिशेनं, एकेक शब्द सुटा करून वाचलं. त्याची मान आणखी खाली गेली. काकू गठ्ठ्याशी चाळा करत होत्या, पण उठत नव्हत्या. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. मग पान उलटलं आणि वरून चौथ्या ओळीवर तिला ते वाक्य दिसलं.

ते वाक्य नवं नव्हतं. तिनंच लिहिलं होतं, सातही खर्ड्यांत ते होतं, गच्चीवर चारही वेळा वाचलं होतं. ‘त्या दुपारी आई दाराकडे बघत होती. ताई आली का, म्हणून विचारत होती. ताई संध्याकाळी आली, तेव्हा पलंगावरची चादर बदलून झाली होती.’ दादानं ते तसंच ठेवलं होतं. ताई कोण, हा प्रश्न त्याला पडलाच नसावा. ताई टेबलापलीकडे उभी होती आणि दुसऱ्याच्या शर्टाची कॉलर सपाट करत होती.

गाळता आलं असतं. मावशीला वाचता येत नव्हतं, काकूंना काही ठाऊक नव्हतं. तीन ओळी उडी मारून पुढं जायला एका श्वासाचा अवकाश होता, आणि तेवढा अवकाश बटणला मिळालाही. पण तिच्या आत जे सुरू झालं होतं ते थांबायला तयार नव्हतं. आठ वर्षं जे विचारलं नव्हतं ते कागदावर होतं, आणि वाचताना तिला पहिल्यांदा कळलं की हे वाक्य दादासाठी नव्हतंच कधी. तिनं ते वाचलं. इतर कुठल्याही वाक्यापेक्षा ते तिनं स्पष्ट वाचलं.

इस्त्री थांबली. मावशीनं ती उभी करून ठेवली, शर्ट उचलला, त्याची घडी घातली. मग उरलेले दोन शर्ट केले. कापड कुठं पिवळं पडलं नाही, कुठं चुणी राहिली नाही. गठ्ठा बांधून तिनं काकूंच्या हातात दिला, आणि काकू पहिल्यांदाच काही न विचारता निघून गेल्या.

“मी गेले तेव्हा तू जवळ होतास म्हणे,” मावशी दादाला म्हणाली. “बरं वाटलं ऐकून.”

“आई, तसं नव्हतं गं, स्पर्धा होती, मी नुसता…”

“उद्या कॉलेजात जा. ढाल घेऊन जा. काय केलंस ते तुझ्या तोंडानं सांग. माझ्यासमोर नको, मला कळलं.”

तो उठून बाहेर गेला, एकाच पायात बूट घालून. मावशी भिंतीकडे तोंड करून प्लगची पिन काढत होती. तशीच उभी राहून तिनं विचारलं, “विचारत होती का गं ती? खरंच?”

“हो.”

“कितीदा?”

आई दुपारी एकपासून विचारत होती. प्रत्येक वेळी दाराशी पाऊल वाजलं की विचारत होती. “एकदाच,” बटण म्हणाली.

मावशीनं मान हलवली. “हॉटेलच्या चादरी होत्या त्या दिवशी,” ती म्हणाली. “एवढ्या करून निघते म्हटलं.”

दादानं सांगितलं. सांगावंच लागलं, कारण सोमवार संध्याकाळपर्यंत गल्लीत कुणाला कळायचं राहिलं नव्हतं. फीची सवलत गेली. तो सकाळचं कॉलेज करून दुपारी एका गोदामात पार्सलवर पत्ते चिकटवायला जाऊ लागला. बटणशी तो एकदाच बोलला, जिन्यात. “तुला मला मारायचं होतं ना? मग तिला का मारलंस?”

“तू तिला आधीच मारलं होतंस,” बटण म्हणाली. “मी फक्त वाचलं.”

उत्तर तयार होतं, बिनचूक होतं, आणि ते देताना तिला बरं वाटलं. दादाबद्दल तिला वाईट वाटलं नाही. पुढंही कधी वाटलं नाही.

त्याच्या कॉलेजचं पत्र बाईंपर्यंत पोचलं तेव्हा त्यांनी बटणला बोलावून शून्य खोडलं आणि वर्गातले सगळ्यात जास्त मार्क दिले. तिचं माफीपत्र परत देऊ लागल्या. “राहू द्या, बाई,” ती म्हणाली. “त्यात माफी नव्हतीच.” बाईंना निबंध आपल्या अंकात छापायचा होता. बटणनं विचार करून सांगते म्हटलं, आणि सांगितलं नाही. लिहायला मात्र ती थांबली नाही. आता तिला वाक्य लिहिताना ते कुणाला लागणार हे आधी दिसायचं. काही वाक्यं ती त्यामुळे खोडायची आणि काही त्यामुळेच ठेवायची.

मावशी तिच्याशी पूर्वीसारखंच वागत होती. तिचे कपडे पूर्वीसारखेच कडक इस्त्रीचे, ताट पूर्वीसारखंच झाकलेलं. बोलणं तेवढं कमी झालं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी समोर ढीगभर पांढरे कोट पडले होते, कुठल्याशा प्रयोगशाळेचे. बटण पलीकडच्या बाजूला बसून घड्या घालत होती. मावशी वर न बघता म्हणाली, “तो कागद आहे का गं तुझ्याकडे? तुझ्या हातचा. वाच जरा.”

बटण आतून कागद घेऊन आली. या वेळी कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, काही ठरवलेलं नव्हतं. ‘माझी आई झोपेतही काजं करायची.’ मावशीचा हात एका लयीत चालला होता. आईचा अंगठा आला, रस्त्यावरचा माणूस आला, नाड्यांचा झगा आला तेव्हा मावशी जराशी हसली, “अशीच बोलायची ती,” म्हणाली. ‘आई मला बटण म्हणायची’ आलं. पान उलटलं. बटणची नजर त्या वाक्यावर गेली आणि तिनं त्या तीन ओळी सोडल्या. आवाज न बदलता, श्वास न चुकवता, ती सरळ शाळेच्या शर्टावर आली.

मावशीनं कोट पालथा केला, बाही ओढून सरळ केली.

“मधलं राहिलं,” ती म्हणाली.

बटणनं मान खाली घातली, मागच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं. मावशी इस्त्री हातात धरून उभी होती. वाक्य पूर्ण झाल्यावर तिनं ती खाली टेकवली आणि कोटाचं पहिलं काज चपटं करायला घेतलं.